पक्क्या शाईची खूण

इस्त्रीवाल्याच्या बायकोला सगळी गिऱ्हाईकं डागमावशी म्हणायची. दुकानात कामं वाटलेली होती. धुलाई मशीनची, इस्त्री नवऱ्याची आणि डाग तिचे. चहा असो, शाई असो, रक्त असो की गंज, ती कपडा उजेडाला धरायची, डागावरून एकदा अंगठा फिरवायची आणि सांगून टाकायची, "निघेल," नाहीतर "नाही निघणार." तिसरं उत्तर तिच्याकडे नव्हतं. एखादा गयावया करायचा, "मावशी, नीट बघा ना." ती म्हणायची, "बघूनच सांगितलं."

अशा बाईला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "दोन्ही चालतं. तुम्ही ठरवा."

डाव्या छातीतली गाठ काढून झाली होती, जखमही भरली होती. आता त्या जागेवर मशीनमधून किरण सोडायचे. दवाखान्यात सगळे त्याला शेक म्हणत. रोज जायचं, रोज तसंच निजायचं आणि शेक रोज त्याच जागी पडला पाहिजे, सुतभर इकडे नाही की तिकडे नाही, कारण त्या बाजूला मागे काळीज. म्हणून अंगावर तीन खुणा हव्यात, एक छातीच्या मधोमध आणि दोन बगलांखाली. त्या करायच्या रीती दोन. एक, सुईनं कातडीखाली शाई घालून टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके, ते जन्माचे. दुसरी, पेनाच्या खुणा आणि वर पारदर्शक पट्टी. त्या शेक संपेपर्यंत जपायच्या, घासायच्या नाहीत, पुसट झाल्या की येऊन गिरवून घ्यायच्या.

"बाकीच्या बायका काय घेतात?" तिनं विचारलं.

"काही हे, काही ते."

"आणि तुम्ही असता तर?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "मी असते तर मीही घरी जाऊन डोकं खाजवलं असतं. सध्या पेनाच्या खुणा करून स्कॅन काढू. शेक सुरू व्हायच्या आधी काय ते सांगा."

घरी येताना इस्त्रीवाला सारखा घोकत होता, दोन्ही चालतं म्हणजे काय? दोन्हींत एक तर जास्त चालत असेल ना?

ऑपरेशनपासून त्याची थोरली बहीण, आक्का, दुकानात गल्ल्यावर बसायला यायची. तिनं ऐकलं आणि लगेच निकाल दिला. "कायमचं काही करून घेऊ नकोस बाई. दुखणं जातं आणि खूण राहते. रोज आंघोळीला डोळ्यांपुढे."

"मग ही टाक्यांची रेघ काय पुसली जाणार आहे, आक्का?"

"ती नाइलाजाची. हे तर तुला विचारून करतायत."

इस्त्रीवाल्याला ते पटलं. संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, अगं टाचणीएवढे ठिपके! माझ्या ऑफिसात एकीनं पाठभर अजगर गोंदवून घेतलाय."

"बरं झालं. तिला खूण शोधावी लागायची नाही."

"थट्टा नको. रोज पेनाची खूण जपत बसशील? तुझ्या हाताला कधी चैन असते का?"

इस्त्रीवाल्याला हेही पटलं. ज्याचं ऐकावं त्याचं खरं वाटायचं. रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तेव्हा त्यानं पुष्कळ विचार केला आणि म्हणाला, "तुला हवं ते कर."

"हे डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं. पण त्यांच्या भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं आहे. तुमच्या भिंतीवर काय आहे?"

त्याच्या भिंतीवर हँगर होते.

सकाळी त्याला एक युक्ती सुचली. कपड्यांवर खूण करायची पक्क्या शाईची दौत आणि टाक दुकानात असायचाच. त्यानं टाकाचं टोक मनगटावर टेकवलं आणि हात तिच्यापुढे धरला. "हे बघ, एवढासा. माझ्याकडे बघून कुणी म्हणेल का काही?"

तिनं त्याचा हात उजेडाला धरला. "ही कापडाची शाई. आठ-पंधरा दिवसांत जाईल. कातडी काय, रोज झडते आणि नवी येते."

"आणि त्यांची?"

"ते सुईनं खाली घालतात. ती नाही निघायची." एवढं बोलून ती एका कोटाच्या बाहीकडे वळली. तिला काय हवंय ते काही त्याला कळलं नाही. नको म्हणत नव्हती. हो म्हणत नव्हती. इतक्या वर्षांत तिला 'बघू' म्हणताना त्यानं ऐकलं नव्हतं, आणि आता कुणी विचारलं की ती तेच म्हणायची, "बघू."

शेक सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले होते. दुपारची वेळ, दुकानात वाफ दाटलेली. तो चादरींना इस्त्री करत होता. आतल्या खोलीतून हाक आली, "अहो, इकडे या जरा."

आवाज वेगळा होता. त्यानं इस्त्री उभी केली आणि आत गेला. ती आरशासमोर उभी होती, गळ्याची बटणं सोडलेली, हातात स्पिरिटचा कापूस. मधल्या खुणेवरची पट्टी घामानं सुटून लोंबत होती. खाली नुसती कातडी.

"काय झालं?"

"कडेनं शाई पसरली होती. कपड्याच्या गळ्याला लागत होती." तिनं कापसाकडे बघितलं. कापूस जांभळा झाला होता. "पुसलं मी."

डाग पुसावा तसंच पुसलं होतं, बाहेरून आत, कुठे पसरू न देता. काम नेहमीसारखं चोख. नावालासुद्धा काही उरलं नव्हतं.

"थांब, थांब," तो म्हणाला, "आत्ता गिरवून देतो," आणि धावत जाऊन दौत-टाक घेऊन आला.

"खबरदार! पँटीची घडी अजून तिरकी पडते तुमची आणि चालले माझ्या काळजापाशी खूण करायला!"

तो टाक घेऊन तसाच उभा राहिला. रोज तोच पट्टी नीट आहे ना बघायचा. ती खूण त्यानं किती वेळा पाहिली होती. आणि आता ती इथे होती की बोटभर खाली, त्याला शपथेवर सांगता आलं नसतं. कातडी सगळीकडे सारखीच दिसत होती. टाकातला शाईचा थेंब फरशीवर पडला. तिनं सवयीनं वाकून तोही पुसला.

"मुद्दाम पुसलीस का?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत? हात गेला."

हात सवयीनं गेला की तिनं नेला, हे त्याला कधीच नीट कळलं नाही. पुढे विचारू, पुढे विचारू, असं करत राहून गेलं. आता विचारायला ती नाही.

ती धुवायच्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसली. तो समोर इस्त्रीच्या स्टुलावर बसला.

"आपण पक्की खूण कुणाच्या कपड्याला करतो?" तिनं विचारलं.

"कुणाच्या म्हणजे? नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या."

"आणि एकदाच येणाऱ्याच्या?"

"त्याला कागदाची चिठ्ठी. टाचणीनं लावायची आणि देताना काढायची." हे बोलता बोलता त्याला तिचं म्हणणं कळलं.

"मला नेहमीचं गिऱ्हाईक नाही व्हायचं त्यांचं," ती म्हणाली. "एकदा जायचं, काय करायचं ते करा म्हणायचं, चिठ्ठी काढून घरी यायचं. पक्की खूण केली म्हणजे त्यांनी धरलंच की ही बाई परत येणार."

"असं काही नसतं गं."

"कशावरून?"

कशावरून ते त्यालाही माहीत नव्हतं. दोघांत मिळून शहाणपण तेवढंच होतं. तो म्हणाला, "उद्या जाऊन विचारू," आणि पहिल्यांदाच तिनं त्याच्या बोलण्यावर टोमणा मारला नाही.

दवाखान्यात मशीनवर काम करणारी एक तरुण मुलगी होती. पुसलेली खूण बघून ती रागावली नाही, नुसती म्हणाली, "बाकीच्या दोन आहेत, पण अंदाजानं नाही करत आम्ही. स्कॅन पुन्हा काढू. या वेळी काय करू, पेन की ठिपके?"

"ठिपकेवाल्या बायका परत येतात का गं?"

"तपासणीला? येतात की."

"तपासणीला नाही. दुखणं घेऊन."

मुलीनं इस्त्रीवाल्याकडे बघितलं. त्यानं घसा खाकरला आणि दुकानातली रीत सांगितली, चिठ्ठी कुणाला, पक्की खूण कुणाला. सांगताना त्याचं त्यालाच ते अडाणीपणाचं वाटलं. पण ती हसली नाही.

"काही येतात, काही नाही येत," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू? पण ठिपक्यांचा त्याच्याशी संबंध नाही. पेनवाल्याही येतात." मग जरा थांबून म्हणाली, "एक आहे. जिथे एकदा शेक दिला, तिथे पुन्हा सहसा देत नाहीत. पुढेमागे कुणी कुठल्या मशीनखाली घेतलंच, तर ठिपके बघून त्याला कळतं, ही जागा झालेली आहे."

"म्हणजे तुमच्याकडे धुऊन झालेल्यावर खूण करतात?"

"तसंच... म्हणजे करतो आधी, पण..." मुलगी गोंधळली. "तसंच म्हणा."

बायको नवऱ्याकडे वळली. "ऐकलंत? यांचं आपल्या उलट आहे."

त्यानं मान हलवली. उलट आहे हे चांगलं की वाईट, ते त्याच्या लक्षात येईना. 'सहसा' हा शब्द मात्र त्याला खड्यासारखा बोचत राहिला. तिलाही बोचला असणार. पण तिनं पिशवी त्याच्या हातात दिली, "धरा," म्हणाली, आणि आत गेली.

तो बाकावर बसून राहिला. ती जे करून येईल त्यावर काय बोलायचं ते त्यानं ठरवून पाहिलं. पेन म्हणाली तर 'बरं केलंस', ठिपके म्हणाली तर 'बरं केलंस'. दुसरं काही सुचेना.

ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं.

"काय केलंस?"

"दुकानात जायचंय. आक्का एकट्याच आहेत. गिऱ्हाइकाला सुटे कमीच देतील."

दिवसभर तिनं काही सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून कुणी आलं नव्हतं तेव्हा, ती खिडकीपाशी गेली, गळ्याचं बटण सोडलं आणि त्याला बोलावलं. "मुलीनं कालचा दिवस हात लावू नका म्हटलं होतं. आता बघा. माझी मान तिथवर वाकत नाही."

छातीच्या मधोमध एक निळसर ठिपका होता. तीळ समजून कुणीही पुढे गेलं असतं. तिनं अंगठा पाण्यात बुडवला आणि ठिपक्यावरून हलकेच फिरवला.

"पसरला?"

"नाही."

"फिका झाला?"

"नाही."

तिनं पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग त्याचा हात धरून मनगट उलटं केलं. तिथला शाईचा ठिपका आता दिसेनासा झाला होता. "तुमचा बघा, गेला."

"पुन्हा करू?"

"नको. ओला असताना गिऱ्हाइकाच्या कॉलरला लावाल."

तिनं बटण लावलं. ती हसतेय की काय होतंय तिला, ते त्याला खिडकीतल्या उजेडात नीट दिसलं नाही. त्यानं ठरवून ठेवलेलं 'बरं केलंस' तोंडाशी आलं होतं, पण ते बाहेर पडायच्या आत तीच बोलली, गिऱ्हाइकाशी बोलते त्याच आवाजात.

"नाही निघणार," ती म्हणाली.

बघूनच सांगितलं होतं तिनं.