माहेरी राहिलेली कुंदा

"कुंदीला इथेच राहू दे. तू पुढे हो," आई माझ्या कानात म्हणाली होती, आणि मी पुढे झाले होते.

लग्नाच्या दिवशीची गोष्ट. ताटात तांदूळ पसरले होते. ह्यांनी त्यात अंगठीने 'उर्मिला' असं लिहिलं, आणि शेवटचा काना ओढून होताच कुंदा माझ्यातून उठली. माझ्या अंगावर शालू होता, तिच्या अंगावर घरचं गुलबक्षी पातळ. ती मधल्या खोलीत खिडकीशी जाऊन बसली. निघताना मी तिला म्हटलं, "तुला न्यायला येईन."

"ये. घाई नाही," ती म्हणाली.

प्रत्येकीचीच अशी एक मागे राहते, म्हणतात. पहिल्या दिवाळसणापर्यंत साखरेसारखी विरघळते. माझी विरघळली नाही. बेचाळीस वर्षं ती देवरुखला माझ्या थोरल्या भावाकडे, नानाकडे राहिली, आणि वीस वर्षांचीच राहिली.

माझी लेक ऋजुता अमेरिकेत बर्फाच्या गावी असते. हे गेल्यापासून तिने एकच धोशा लावला होता: आई, तू माझ्याकडे ये, कायमची. त्यासाठी आधी तिला तिथली नागरिक व्हावं लागलं. त्याची परीक्षा असते. लहानपणी रामरक्षा म्हणवून घ्यायचे तशी रोज पूजा आटोपली की मी फोनवर तिची प्रश्नोत्तरं म्हणवून घेई. सिनेटर किती, न्यायाधीश किती, सगळं मलाही पाठ झालं. शपथ घेऊन आली त्याच दिवशी तिने फोन केला.

"आई, आता तुझा अर्ज. इथे देव मांडलेत गं, पण मी लावलेला दिवा टिकतच नाही. ज्योत मोहरीएवढी होते आणि विझते."

"मी येईन आणि लावीन," मी म्हटलं.

शब्द दिला की तो माझ्या नेमात जातो. चातुर्मासात रोज रांगोळीने गाईच्या पावलांची तेहतीस गोपद्मं, गुरुवारी एकभुक्त, आणि आता हा एक.

पहिला अर्ज परत आला. मी वर मधोमध 'श्री' लिहिलं होतं आणि चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं होतं. सोबतच्या चिठ्ठीत होतं, 'चौकटीबाहेर काही नको.' दुसऱ्या वेळी मी श्री मनातच म्हटलं. मग एका चौकटीत जन्माचं नाव विचारलं होतं. मी खरं ते लिहिलं: कुंदा त्रिंबक आठल्ये.

दोन महिन्यांनी पत्र आलं. 'आपल्या अर्जात दोन बायका आढळल्या. दोघींना हजर करावे.'

त्याच सकाळी दारावरच्या पाटीतलं माझं नाव गेलं. ह्यांचं होतं, खाली नुसतं पितळ. मग रेशनकार्डातलं गेलं, मग गॅसच्या पुस्तकातलं. रोज एक. मी देवाला सांगितलं आणि सांगलीहून रत्नागिरीची एसटी धरली. साखरप्याला उतरून देवरुखची गाडी घेतली.

नाना ओटीवर सुपारी कातरत बसला होता. त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र हवं होतं. माझा जन्म आठवणारा तोच एक उरलाय.

"दोघी एकच आहेत असं लिहायचंय," मी म्हटलं.

"एकच कशा? तू चहात साखर घेत नाहीस. ती तीन चमचे घेते, वर भांडं चाटते."

"नाना."

"बरं बाई. लिहितो. पण मला विचारशील तर ती बरी. तू फार गंभीर झालीस."

आतून वहिनी म्हणाल्या, "न्या हो तिला खरंच. बेचाळीस वर्षं माझ्या लोणच्याच्या बरणीत हात घालतेय." आणि डोळे पुसत त्यांनी तिच्यासाठी आंबोशीच्या लोणच्याची पुडी बांधायला घेतली.

कुंदा मागच्या दारी गोपद्मं काढत होती. तिचाही नेम चालूच होता, हे मला ठाऊक नव्हतं. चिमटीतून रांगोळी सुटत होती ती अगदी माझ्यासारखी, फक्त हात थरथरत नव्हता.

"आलीस?" ती म्हणाली. "थांब, सात राहिलीत."

मी शेजारी बसून मोजलं. तेहतीस झाल्यावर ती हात धुऊन माझ्याबरोबर निघाली.

मुंबईला अमेरिकेच्या व्हिसा कचेरीत खिडकीपर्यंतची रांग सरळ होती, पण आम्ही जसजशा पुढे जात होतो तसतशी रांगेतली माणसं माझ्याऐवजी कुंदाला विचारू लागली, "तुमचा नंबर कितवा?" खिडकीच्या काचेमागे तरणा साहेब होता आणि त्याचं मराठी करून सांगणारी एक बाई.

"लग्न कोणाचं झालं?"

"माझं," मी म्हटलं.

"जन्म कोणाचा झाला?"

"माझा," कुंदा म्हणाली.

"मुलगी कोणाची?"

कुंदाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "आमची."

साहेबाने बराच वेळ टंकलं. मग ती बाई म्हणाली, "काकू, ते म्हणतात, जन्म न झालेल्या बाईला व्हिसा देता येत नाही."

"बरोबर आहे," मी म्हटलं. मला ते पटलं.

"तरी बोटं ठेवून बघा."

मी दहाही बोटं काचेवर ठेवली. यंत्रात काहीच उमटलं नाही, पांढरं दूध सांडल्यासारखं दिसत राहिलं. "भांडी, आणि रांगोळी. रेषा झिजल्या," मी समजावून सांगितलं. मग कुंदाने ठेवली. दहा बोटांच्या रेषा हिरव्या उजळल्या, एकेक रेष मोजता यावी अशा.

"अभिनंदन," ती बाई म्हणाली. कोणाला, ते तिने सांगितलं नाही.

आम्ही देवरुखला परतलो. मला सांगलीला जाण्यात अर्थ नव्हता. शेजारणीने फोनवर सांगितलं होतं की आमचं दार गेलंय, त्याची कडी आता नुसती भिंतीवर आहे. आठ दिवसांनी व्हिसा लागून पासपोर्ट परत आला. व्हिसावर कुंदाचा फोटो, सोबतच्या कागदावर बोलावणाऱ्या मुलीच्या नावापुढे ऋजुता. त्या दुपारी ऋजुताचा फोन आला, चेहरा दिसतो तो. मी समोर बसले होते, पण पडद्यावर माझ्या जागी मागची खिडकी दिसत होती. मी फोन कुंदाच्या हातात दिला.

"आई! किती बारीक झालीस! जेवतेस ना?"

कुंदाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"जेवते," ती म्हणाली. "तू जेवलीस का?"

"आई, आवाज किती छान येतोय आज," ऋजुता म्हणाली आणि हसली. तिचं ते हसणं मी पुष्कळ दिवसांनी ऐकलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी कुंदाची वेणी घातली. घालता घालता सांगायचं ते सांगितलं.

"तिला वरणात गूळ लागतो, पण तो दिसता कामा नये. रागावली की भांडी घासायला घेते. तेव्हा बोलायचं नाही, शेजारी उभं राहून पुसायला घ्यायचं. वात दुहेरी वळ, तिथे हवा कोरडी असते."

"आणि ती आई म्हणाली तर?"

"ओ द्यायची."

"मला येईल?"

"मलाही येत नव्हतं. ती हाक मारते, मग येतं."

वातींचा डबा मी तिच्या पिशवीत ठेवला. वहिनींनी लोणचं दिलं. नाना रिक्षा घेऊन आला. तो तिला रत्नागिरीला गाडीत बसवणार होता. दारात कुंदा थांबली. तिच्या अंगावर माझी निळी काठाची साडी होती. माझ्या अंगावर गुलबक्षी पातळ कधी आलं ते मला कळलं नव्हतं.

ती माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी तिच्या कानात म्हटलं, "उर्मिलेला इथेच राहू दे. तू पुढे हो."

"तुला न्यायला येईन," ती म्हणाली.

"ये. घाई नाही."

मी मधल्या खोलीत खिडकीशी येऊन बसले. जागा अजून उबदार होती. अंगणात सकाळची तेहतीस गोपद्मं होती. एकही न मोडता कुंदा त्यांच्यामधून गेली, आणि ती फाटकाशी पोचली तशी गोपद्मं उठून तिच्यामागे चालू लागली, दोन-दोनच्या जोडीने, रस्त्याच्या कडेने, धूळ न उडवता. मी मोजत होते. बत्तीस गेली. एक पायरीशी थांबलं होतं, माझ्याकडे तोंड करून.