साडूच्या कोंबड्या

शिवानंद माझा साडू. माझ्या बायकोची धाकटी बहीण त्याला दिलेली. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि तेच मला सोसत नव्हतं. २००३ साली आम्ही दोघांनी कागलच्या अलीकडं एकाच माळावर कंपनीच्या कोंबड्यांसाठी शेड घातली. आम्ही लिंगायत. घरात कोंबडी कधी शिजली नाही. पण वाढवायला काय जातंय, असा विचार दोघांनीही केला.

पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, मेहनत आपली. चाळीस दिवसांनी वाढलेल्या कोंबड्या न्यायला गाडी यायची. शिवानंदच्या कोंबड्या, धरायला आलेल्या गड्यांना शेडभर पळवायच्या. माझ्या उचलायला गेलं तरी जागच्या उठायच्या नाहीत. कंपनीच्या राजारामपुरीतल्या ऑफिसातला सुपरवायझर आधी त्याच्या शेडात शिरायचा. एकदा मला म्हणाला, "राजशेखर, साडूच्या कोंबड्यांचे पाय बघून या की जरा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोंबडीच्या पायावरून माणसाची लायकी ठरवायची?

"त्यो सोळाशेच पिल्लं घेतोय. तुम्ही तेवढ्याच जाग्यात दोन हजार कोंबताय," रत्नव्वा म्हणाली. माझी बायको, आणि बोलणं बहिणीच्या नवऱ्याच्या बाजूनं!

"भित्रा हाय त्यो," मी म्हणालो. कमी घेऊन कौतुक मात्र जास्त, हे मला पटणं शक्यच नव्हतं. त्याच्याकडं काहीतरी गुपित असणार.

ते मला सापडलं. त्याची नवी पिल्लं आली त्या दिवशी सहज आल्यासारखं करून मी जाळीतून पाहिलं. शिवानंद बादलीत गूळ कालवून ते पाणी पिल्लांना ठेवत होता. मनात म्हटलं, सापडलास लेका!

लगेच शाहूपुरीच्या बाजारातून गुळाचे दोन रवे आणले. आठवड्यानं माझी पिल्लं आली. त्यानं मूठभर घातला तर मी चार मुठी घातला, आणि रोज घातला. पिल्लं आवडीनं प्यायची. विसाव्या दिवशी त्यांना हगवण लागली. शेडात खाली अंथरलेल्या भाताच्या तुसाचा चिखल झाला. आत शिरलं की वासानं डोळे झोंबायचे. मी पाच मिनिटांत बाहेर यायचो, त्यांना बाहेर कुठलं? त्या चिखलात बसून बसून त्यांचे तळपाय भाजल्यागत काळे पडले, छातीला फोड आले.

"शिवानंदला बोलवा," रत्नव्वा रोज म्हणायची.

"अजाबात न्हाय."

आठ दिवस मी तिला थोपवलं. सकाळी मेलेल्या वेचायचो, मागच्या खड्ड्यात पुरायचो आणि शेडाला कुलूप लावायचो. सगळ्या मेल्या तरी चालतील, पण त्यानं बघता कामा नये.

नवव्या दिवशी तिनं मला न विचारता निरोप धाडला. तो पाटी-फावडं घेऊन धावतच आला. आत उकिडवा बसला, एक कोंबडी उचलून तिचे पाय पाहिले.

"आण्णा, गूळ पाजला व्हय?"

"तू न्हाय पाजत?"

"पयल्या दिवशी, एकडाव. लांबनं दमून येत्यात म्हणून. मग रोज तूस हलवायचं, कोरडं ठेवायचं. दुसरं काय करतोय मी?" मग हळूच म्हणाला, "कधीपास्नं हाय हे?"

"आज सकाळीच दिसलं."

एका सकाळीत पाय असे काळे पडत नाहीत, हे त्याला कळत होतं. त्यानं कोंबडी मांडीवर घेतली. ती चोच उघडून धापा टाकत होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, वासानं असेल. पण त्यानं तोंड फिरवून बाहीनं डोळे पुसले आणि नाक ओढलं, तेव्हा कळलं की तो रडतोय.

रत्नव्वा दारात उभी होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी डोळे चोळले, पाणी काही आलं नाही. कोंबड्या माझ्या, त्यांना मारलं मी, आणि रडायलासुद्धा हाच पुढं! त्या चिखलात उभा राहून मला त्याच्या रडण्याचा हेवा वाटत होता.