पंच्याऐंशी किलोच्या आत

धनसिंग रेडर आहे की कॉर्नर, यावर आमच्या दुकानासमोरच्या बाकावर उन्हाळ्यापासून वाद चालू होता. धनसिंगला कुणी विचारलं नव्हतं. तो समोरच उभा असायचा.

पोरगा तांड्यावरचा. दिग्रसला खोली करून राहतो, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठाच्या कबड्डी संघातून खेळून आला आणि आमच्या बाकाने त्याला दत्तकच घेतलं. त्यातच बातमी आली की मोठ्या लीगचे लोक श्रावणाच्या शेवटी यवतमाळला येणार, कॉलेजातली पोरं खेळवून पाहणार, आणि पसंत पडतील त्यांना थेट लीगच्या संघात घेणार.

"पाय पाहा त्याचे," शहजाद म्हणायचा. त्याचं गॅरेज आमच्या शेजारी. "इंजन आहे इंजन! जाईन, हात लावीन, वापस येईन. सामनेवाले पाह्यत राह्यतीन. हा रेडर आहे, बस."

"रेडर गल्लोगल्ली पडले आहेत," धम्मरत्न सर चष्मा पुसत म्हणायचे. ते शाळेतून निवृत्त झालेत आणि तरुणपणी स्वतः खेळलेत, हे दिवसातून एकदा तरी सांगतात. "पकड कोण करते? मनगट पाह्य याचं. हा कॉर्नर आहे. फक्त अंगावर मांस पाह्यजे, आता तं वाऱ्यानं उडते."

"बरोबर आहे," आमचे हे म्हणायचे. गावाच्या या घनश्यामभाऊंचं मत म्हणजे जो शेवटी बोलला त्याचं मत. धान्याचं दुकान चालवायला ते बरं पडतं.

अंगावर मांस पाहिजे, एवढं मात्र तिघांनाही पटलं. शहजादच्या म्हणण्याप्रमाणे इंजिनालाही डिझेल लागतंच. मग सरांकडे सकाळी अंडी आणि रविवारी मटण. शहजादकडे कमरुन्निसाभाभी दुधात खजूर उकळून द्यायच्या, वर पायाचा रस्सा. आमच्याकडे डिंकाचे लाडू आणि वरणावर तुपाची धार. पोरगा कुणाला नाही म्हणायचा नाही. म्हटलं असतं तरी आम्ही ऐकणारे थोडेच होतो? पुरे म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकल्याशिवाय आपल्याला वाढल्यासारखंच वाटत नाही.

श्रावण लागता लागता त्याची आई, लालीबाई, बाजाराला आली. लेकाकडे तिने खालून वर पाहिलं.

"वैनी, माह्या पोराले सूज आली काय वो?"

आम्ही रोज पाहत होतो, म्हणून दिसलं नव्हतं. यांनी त्याला पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याऐंशी भरला.

"काकू," धनसिंग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "पंच्याऐंशीच्या वर असला का मैदानात उतरूच देत नाहीत. कॉलेजात कागद आला हाय. अन् म्या मायले सांगून बसलो, यंदा होते म्हणून."

बाकावर लगेच दोषाची वाटणी सुरू झाली. शहजादला सरांचं मटण दिसत होतं, सरांना शहजादचा खजूर. आमच्या तुपाचं नाव कुणी काढलं नाही, कारण बाक आमचा होता.

"मी सांगतो," सर शेवटी म्हणाले. "याले उपास करू द्या. वहिनींच्या हवाली करा."

श्रावणात मी दिवसातून एकदाच खाते, आणि एरवीही कुठल्या ना कुठल्या वाराचा उपास असतोच. पण सर असे बोलले की जसा काही मी उपासांचा दवाखाना उघडला आहे. तरी मी हो म्हटलं. पोरगा उपास करतो म्हणतोय, त्याला नाही कसं म्हणायचं?

मी मनापासून केलं. तरणं पोर, उपास सोसला पाहिजे, म्हणून साबुदाण्याची खिचडी भरपूर कूट घालून, तुपात. भगर, त्यावर शेंगदाण्याची आमटी. रताळ्याचा कीस. राजगिऱ्याचा लाडू, वर साखर घालून दही. मी आपले चार घास घ्यायची आणि त्याला पोटभर वाढायची. त्याने हात आखडला की म्हणायची, "अरे, उपासाचं आहे, खा."

आठवड्याने काटा एकोणनव्वद दाखवत होता. यांनी काट्याला दोन थापा मारल्या. तरी एकोणनव्वद.

"भाभी," शहजाद म्हणाला, "हा उपास आहे का दावत?"

"साबुदाणा म्हणजे नुसतं पीठच की," सर म्हणाले.

"हे तुम्हाला आधी माहीत होतं, सर?"

"माहीत तं होतं. पण उपासाच्या जिनसाले नावं कशी ठेवावी, वहिनी?"

मग ज्याने त्याने आपला उपाय काढला. सरांकडे उकडलेले मूग, वाटी मोठी. शहजादकडे लिंबूपाणी, आणि नुसतं लिंबूपाणी कसं द्यायचं म्हणून सोबत थोडं कायकाय. मी भगरीवर आले, तूप अर्धं केलं. धनसिंग सगळ्यांना हो म्हणत होता. मला म्हणाला, "काकू, डब्यात द्या. खोलीवर खातो." डबा रोज घासून पुसून परत यायचा. मला बरं वाटायचं.

ठरलेल्या दिवशी शहजादने दुरुस्तीला आलेली एक जीप काढली आणि आम्ही पाचही जण यवतमाळला गेलो. मैदानाच्या दाराशी एक मुलगी वजन घेत होती. तिघंही धनसिंगपेक्षा जास्त घाबरले होते. यांनी तर आपलाच श्वास रोखून धरला होता, जसं काही त्याने त्याचं वजन कमी होणार होतं.

"चौऱ्याऐंशी सहाशे," मुलगी म्हणाली.

"मूग!" सर ओरडले.

"लिंबूपाणी!" शहजाद ओरडला.

धनसिंग चप्पल घालत होता. खाली पाहतच म्हणाला, "सर, मूग नाही खाल्ले म्या."

"मंग?"

"तुमच्याकडं आलो का सांगो, शहजादभाईकडं जेवलो. त्यायच्याकडं गेलो का सांगो, सरायकडं झालं."

मी म्हटलं, "आणि माझा डबा? तो तर रिकामा यायचा."

"खोलीवरच्या पोरायले दिला, काकू. त्यायचं वाढलं."

"मग तू खात काय होतास रे?"

"सकाळी धावत तांड्यावर जाओ. माय अर्धी भाकर दे. अन् पयत वापस." त्याने आधी माझ्या, मग तिघांच्या पायाला हात लावला. आतून नाव पुकारलं आणि तो गेला.

सरांचा चेहरा उतरला होता. "तोंडावर खोटं बोलला. दोन आठवडे! मी रोज मूग भिजवून राह्यलो."

 शहजादचे डोळे मात्र चमकले. "सर! हूल दिली त्यानं. तिघायले एकदम हूल देऊन निंगाला! सांगा आता, हे काम कोनाचं? रेडरचं."

"हूल क्षणभराची असते," सर म्हणाले. "यानं दोन हप्ते भूक धरून ठेवली. सुटू देली नाही. याले पकड म्हणतात. कॉर्नर आहे तो."

"बरोबर आहे," हे म्हणाले.

आत शिटी झाली. मी म्हटलं, "अहो, सुरू झालं."

"एक मिनिट, वहिनी," सर म्हणाले.

मी एकटीच आत जाऊन पायरीवर बसले. धनसिंग दिसला, मांडीवर थाप मारताना. आणि मला काही ते पाहवेना. मी डोळे मिटले आणि नाम घ्यायला लागले. लोक ओरडले की डोळे आणखी घट्ट मिटायची. उघडले तेव्हा पोरं पाणी पीत होती, आणि आमचे तिघं दारातून धावत येत होते.

"वहिनी, काय केलं त्यानं? रेड का पकड?"

"मी डोळे मिटले होते."

"पूरा टाइम?" शहजाद म्हणाला.

काही बोलायच्या आतच नावं वाचली गेली. तिसरं नाव धनसिंगचं होतं. सरांनी शहजादला मिठी मारली, आणि मिठीतच विचारलं, "पण कशासाठी घेतलं?"

धनसिंग आला तेव्हा तोच प्रश्न त्यालाही विचारला.

"ते म्हणे, सध्या दोन्ही कच्चं हाय," धनसिंग म्हणाला. "शिकवू म्हणे. कोनती जागा ते मंग पाहू."

जीप परत निघाली. दारव्ह्याला शहजाद म्हणाला की कच्चं म्हणजे नाही असं थोडंच आहे, आणि पुन्हा सुरू झालं. तांड्याच्या फाट्यावर धनसिंगने हळूच गाडी थांबवायला सांगितली. शहजादने बोलता बोलताच ब्रेक दाबला आणि बोलता बोलताच गाडी पुढे काढली. मागे वळून मी एकटीने पाहिलं. पोरगा अंधारात तांड्याच्या वाटेने पळत सुटला होता.

दुकानासमोर गर्दी जमली होती. कुणीतरी हारही आणला होता. शहजाद बाकावर चढून रेड कशी मारली ते करून दाखवत होता, सरांनी यांचा घोटा धरून पकड दाखवली, आणि हार हातात घेतलेला माणूस बराच वेळ विचारत राहिला की पोरगा कुठं आहे.