सहाव्या प्रकरणातला स्वयंपाकी

कप्तान म्हणून त्याला सगळे ओळखत, पण जहाज सोडाच, साध्या होडीत बसला तरी त्याच्या पोटात ढवळायचं. एकदा तळ्यातल्या होडीत त्याला उलटी झाली होती आणि होडी तेव्हा काठाला बांधलेलीच होती, असं त्याची बायको कोणी विचारलं नसतानाही सांगायची. हे टोपणनाव पडलं ते लिहिण्यामुळे. आरमारी युद्धं हा त्याचा विषय. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी त्याने जन्मभर खुर्चीवरून जहाजं हाकली. कुठल्या आरमारप्रमुखाने कुठे वळायला हवं होतं हे त्याला अचूक समजायचं, फक्त शंभर वर्षं उशिरा.

एका सामुद्रधुनीतल्या लढाईवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ काही महिन्यांपूर्वी निघाला होता आणि आता त्याला पुरस्कार जाहीर झाला होता. समारंभात एखादा उतारा वाचा, असं आयोजकांनी कळवलं, म्हणून कप्तानाने पुस्तक उघडलं. छापून आल्यावर प्रथमच. लेखक आपलं छापील पुस्तक सहसा उघडत नाहीत. उघडलं की पहिली नजर चुकलेल्या वेलांटीवर जाते आणि आठवडा खराब होतो.

त्याने थेट सहावं प्रकरण काढलं. मुख्य जहाज बुडतं ते हे प्रकरण. सगळा ग्रंथ लिहिला तोच मुळी या प्रकरणासाठी. डाव्या पानाच्या तळाशी वाक्य होतं, 'शत्रूची जहाजं धुक्यातून बाहेर येताच आरमारप्रमुखाने दुर्बीण खाली ठेवली आणि निर्विकारपणे हुकूम सोडला, की'. उजव्या पानावर ते वाक्य पुढे चालू होतं, 'आधी उशांचे अभ्रे काढावेत. अभ्रे झटकताना खिडकी उघडी असावी.'

कप्तानाने चष्मा पुसला. अभ्रे तिथेच होते. पान उलटलं तर गादीवर चादर कशी अंथरावी ते आलं, त्यापुढे न्हाणीघरातल्या आरशावरचे डाग, आणि शेवटी टॉवेलचा हंस कसा करावा, आकृतीसह. सोळा पानं हे असं चाललं होतं. त्यानंतर एका अर्ध्या वाक्याची शेपटी, मग चार ओळींत जहाज बुडून गेलेलं होतं आणि सातवं प्रकरण सुरू झालं होतं.

तो पुस्तक काखेत मारून तडक प्रकाशकाकडे गेला. प्रकाशकाचा धंदा तीन खांबांवर उभा होता: आरमारी युद्धं, सामाजिक इतिहास आणि व्यवसाय-प्रशिक्षण. पहिल्या दोहोंनी नाव व्हायचं आणि तिसऱ्याने जेवण. तो बारा गावचं पाणी प्यालेला माणूस होता. त्याने पानं चाळली, हंसाशी जरा थांबला आणि म्हणाला, "हे आपल्या हॉटेलवाल्या पुस्तकातलं दिसतंय. 'खोल्यांची निगा'. एकाच आठवड्यात दोन्ही छापून झाली. कागद तोच, आकार तोच, पानांचे आकडेही तेच. बाइंडरने सोळा पानांचा फर्मा इकडचा तिकडे शिवला."

"म्हणजे माझी पानं त्या पुस्तकात गेली?"

"जाणार कुठे दुसरीकडे?"

"सगळ्या प्रतींत?"

"सगळ्या. बाइंडर माणूस पद्धतशीर आहे."

कप्तान खुर्चीत बसला. "आता काय करायचं?"

"काही नाही करायचं. परीक्षणं किती आली? सात. कोणी चादरीचा शब्द काढला? पुरस्कार समितीत पाच माणसं. कोणी विचारलं, हा टॉवेलचा हंस कुठल्या आरमारातला? झाकली मूठ सव्वा लाखाची. पुरस्कार घ्या, हार घालून घ्या, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू."

पुरस्कार जाईल ही भीती कप्तानाला नव्हती असं नाही. पण घरी येताना त्याला खुपत होतं ते वेगळंच. वेलांटी चुकली तर पत्रं लिहिणारी माणसं या जगात आहेत. इथे भर समुद्रात, ऐन लढाईत सोळा पानं अंथरूण घातलेलं, आणि एक पत्र नाही. याचा अर्थ एकच होत होता आणि तो त्याला मान्य करवत नव्हता. निदान एक माणूस तरी त्या पानापर्यंत पोचलेला असावा, एवढीच त्याची आता मागणी होती.

त्याने घरातूनच सुरुवात केली. बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. माणसाच्या आतलं बघायची सवय असल्यामुळे ती वरवरच्या गोष्टींना भुलत नसे. तिने ग्रंथ दोनदा वाचला होता, निदान तसं ती म्हणाली होती.

"अगं, सहावं प्रकरण कसं वाटलं होतं तुला?" त्याने जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"छानच आहे," ती म्हणाली. "जरा रक्तपात जास्त आहे, पण तुमची लढाईच तशी."

कप्तान घास गिळून पाणी प्याला.

समारंभाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. समितीचे अध्यक्ष बोलायला उठले. त्यांच्या हातातली प्रत इतकी कोरी होती की उघडताना तिचा कणा कडकन वाजला. "आणि सहावं प्रकरण," ते डोळे मिटून म्हणाले, "सहावं प्रकरण म्हणजे या ग्रंथाचं शिखर आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचतो."

कप्तानाने पहिल्या प्रकरणातला उतारा निवडून ठेवला होता. पण हे ऐकलं आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो उभा राहिला, सहावं प्रकरण काढलं आणि दुखवट्याच्या सभेत काढतात तसा आवाज काढून वाचू लागला. "चादर दोन्ही बाजूंना सारखी लोंबेल अशी अंथरावी. पायाकडची बाजू प्रथम खोचावी. कोपरा उचलून, दुमडून, ताणून घ्यावा. सैल चादर हा निष्काळजीपणाचा पहिला पुरावा होय. पाहुणा गेला, तरी त्याच्या खुणा राहतात. त्या पुसणे हे आपले काम."

कोणीतरी हसेल म्हणून तो थांबला. कोणी हसलं नाही. मग टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ चालल्या. दुसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी डोळे टिपले. अध्यक्षांनी त्याचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "रणभूमी न दाखवता नुसत्या पांढऱ्या चादरीतून तुम्ही मृत्यू दाखवलात."

खरं तर कप्तानाला हसू यायला हवं होतं. त्याला रडू येत होतं. लोकांना वाटलं, भारावला आहे. पहिल्या रांगेत बायको सगळ्यांच्या बरोबरीने टाळ्या वाजवत होती.

परतताना टॅक्सीत तिनेच विषय काढला. "मी वाचलेलं नाही हो पुस्तक. खोटं बोलले. प्रस्तावना वाचली, मग आभारात माझं नाव कुठे आहे ते बघितलं आणि मिटून ठेवलं."

"का? नाव होतं की."

"होतं. शेवटून दुसरं. टायपिंग करणाऱ्याच्या खाली."

कप्तानाला पुरस्काराचं स्मृतिचिन्ह मांडीवर जड लागत होतं.

सकाळी प्रकाशकाचा फोन आला. "जरा या इकडे. हॉटेल-प्रशिक्षणाच्या बाई येऊन बसल्यात. माझ्याने काही आवरायच्या नाहीत."

बाई म्हणजे हॉटेलात खोल्या लावणाऱ्यांना शिकवणाऱ्या प्रशिक्षिका. पाठ ताठ, केस घट्ट, आणि नजर अशी की प्रकाशकाने टेबलावरचे कागद आपण होऊन नीट रचून ठेवले होते. त्यांच्या हातात 'खोल्यांची निगा' होतं. कोपरे मळलेले, पानोपानी पेन्सिलच्या रेघा.

"हे तुम्हीच ना लिहिलंत?" त्यांनी पान उघडून दाखवलं. 'पाहुण्याने खोली सोडल्यावर', आणि त्यापुढे, 'डाव्या बाजूच्या तोफांनी मारा सुरू करावा.' "मला वाटलं, नवीन आवृत्तीत शिस्तीचं उदाहरण म्हणून गोष्ट घातली असेल. आजकाल सगळीकडे गोष्टी घालतात. पुस्तकात आहे म्हणजे परीक्षेत येणार, म्हणून मी पाठ करून घेतली."

"पाठ?" कप्तानाचा आवाज चिरकला.

"शब्दन् शब्द. आणि आता वर्ग मला शिकवू देत नाही. गोष्ट ऐन मोक्यावर तुटलीय. पुढचं काय ते तुम्ही येऊन सांगा, म्हणजे मला पडदे शिकवायला घेता येतील."

प्रशिक्षणाचा वर्ग म्हणजे एक लांबलचक खोली होती आणि तीत डझनभर पलंग. पलंग समोरासमोर दोन रांगांत लावलेले होते, आणि एक पलंग रांग सोडून तिरका. कप्तानाने ती रचना पाहिली आणि त्याच्या अंगावर काटा आला. त्याची सामुद्रधुनी होती ती. तिरका पलंग म्हणजे मुख्य जहाज, सुकाणू निकामी झाल्यानंतरचं. तो जवळच्या पलंगावर टेकायला गेला.

"अंहं," बाई म्हणाल्या. "लावलेल्या चादरीवर आमच्यात कोणी बसत नाही. उभे राहा."

विद्यार्थी सगळे मोठेच होते. आधीचं काम सुटलेले, म्हणून नवं शिकायला आलेले. सगळ्यांत पुढे एक पोट सुटलेला ट्रकवाला होता. कंबर धरली आणि ट्रक सुटला, असं त्याने स्वतःच सांगितलं. कप्तानाने घसा साफ केला. "या लढाईची पार्श्वभूमी अशी, की त्या काळी व्यापारी मार्गांवर..."

"साहेब," ट्रकवाला म्हणाला, "ते जाऊ द्या. जहाजाला भोक पडलं तिथपर्यंत आमचं पाठ आहे. पुढचं सांगा."

आयुष्यभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं, एप्रन घातलेल्या माणसाकडून येईल असं कप्तानाला कधी वाटलं नव्हतं. तो अगदी विरघळला. "सांगतो ना. आरमारप्रमुख तेव्हा डेकवर उभा होता..."

"तो नको," मागून एक विद्यार्थिनी म्हणाली. "तो पहिल्यापासून नुसता बोलतोय. स्वयंपाक्याचं काय झालं?" आणि तिने डोळे मिटून घडाघडा म्हटलं, "भटारखान्यात गुडघाभर पाणी शिरलं होतं. स्वयंपाक्याने उकळती पातेली बांधून ठेवली, चूल विझवली, आणि शिडीकडे न जाता तो. संपलं. न जाता तो काय?"

"मागे वळला," कप्तान म्हणाला. ते वाक्य त्याला आठवत होतं. प्रसंगात जरा रंग भरावा म्हणून टाकलं होतं.

"का वळला?"

कप्तानाने पुढचं वाक्य आठवून पाहिलं, ते आरमारप्रमुखाचं होतं.

"पाणी चढत होतं. शिडी समोर होती. मग माणूस मागे कशाला वळेल?" ट्रकवाल्याने विचारलं. "वाचला का तो?"

पस्तीस पानांच्या संदर्भसूचीचा धनी असलेला कप्तान त्या पलंगांच्या मध्ये उभा राहून म्हणाला, "मला माहीत नाही."

"मग पुस्तक कोणी लिहिलंय?" ट्रकवाल्याने विचारलं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

घरी आल्याबरोबर कप्तानाने माळ्यावरची पेटी काढली. लढाईनंतर चौकशी झाली होती आणि वाचलेल्या खलाशांच्या साक्षींच्या नकला त्याच्याकडे होत्या. ते वाक्य त्याने त्यातूनच उचललं होतं. बायको दवाखान्यातून आली तेव्हा तो कागदांच्या ढिगात मांडी घालून बसला होता.

"काय हरवलं?"

"स्वयंपाकी."

"कुठला स्वयंपाकी?" ती म्हणाली, आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून पेटीच्या कडेवर टेकली. त्याने सांगितलं: पाणी, पातेली, चूल, शिडी. सांगताना त्याच्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत आपण हिला लढाया ऐकवल्या, पण यातला माणूस एकही सांगितला नाही.

साक्ष सापडली. धुळीने त्याचे डोळे पाणावले होते, म्हणून कागद तिने घेतला. एक्स-रे धरते तसा उजेडाकडे धरला. "वर लिहिलंय की. साक्षीदार: जहाजावरचा स्वयंपाकी. अहो, तोच सांगतोय. म्हणजे वाचला."

कप्तानाने मथळा पाहिलाच नव्हता. आरमारप्रमुख सापडेपर्यंत तो साक्षी चाळत गेला होता, आणि हवं ते वाक्य पानाच्या तळाशी मिळताच त्याने ते उचललं होतं. बायकोने पान उलटलं.

"'मागे पिठाचं मोठं पिंप होतं, रिकामं,'" ती वाचू लागली. "'झाकण ठोकून बसवलं आणि वर ढकललं. त्याला धरून आम्ही नऊ जण तरलो. साहेबांनाही हाक मारली होती. त्यांचं भाषण चालू होतं.'"

ती इतकी हसली की पर्स खाली पडली. कप्तानही हसला, त्याला शरम वाटत होती, तरी हसला. मग डोळे पुसत तिने विचारलं, "हे पुस्तकात का नाही?"

"मी ते पान उलटलं नव्हतं," तो म्हणाला.

पुढचा कागद तिने स्वतःच उचलला आणि वाचायला घेतला.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या सुमारास कप्तान हॉटेल-शाळेत पोचला. स्मृतिचिन्ह त्याने सकाळीच समितीकडे परत पाठवलं होतं, सोबत 'खोल्यांची निगा'ची एक प्रत आणि सहाव्या प्रकरणाच्या खऱ्या पानांवर घातलेली खूण. जिना चढून त्याला धाप लागली होती. पलंगांच्या दोन्ही रांगांनी त्याच्याकडे पाहिलं.

"वाचला," तो दारातूनच म्हणाला.

ट्रकवाल्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी तिरक्या पलंगापाशी जाऊन चादरीचा कोपरा एकदा ताणला, मग हात मागे घेतला.

"बसा," त्या म्हणाल्या. "चादर पुन्हा लावता येईल. पहिल्यापासून सांगा."