पाखाडीवरचं कवाड

मी एक जुनी पाखाडी आहे. मित्रांनो, तुमच्यातले कुणी घाटावरचे असतील, त्यांच्यासाठी सांगते: जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी वाट म्हणजे पाखाडी. रत्नागिरीत टेकडीवरच्या आळीतून मी एका खाजगी आगरातून, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतून, खाली खाडीकाठच्या वाडीत जाते. माझे चिरे आगराच्या जुन्या मालकांनीच बसवले. पण माझ्यावरून कुणी चालावं आणि कुणी नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. पाऊस सरला की वाडीतल्या बाया नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, आणि राख घेऊन येत आणि माझं शेवाळ घासून काढत. जो चालेल त्याने घासावं, अशी रीत होती. त्या घासण्याने मला किती बरं वाटायचं.

एकोणीसशे तीसच्या सुमारास ते आगर विकलं गेलं. मुंबईत लाकडाची वखार चालवून परतलेल्या आत्मारामशेटनी ते घेतलं. त्यांनी माझ्या सर्वांत वरच्या पायरीत भोक पाडलं, खांब रोवला, सागवानी कवाड बसवलं आणि त्याला कुलूप घातलं.

वाडीतली चिमा डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आली, ती तिथेच थांबली. "शेट, वाट तुमची झाली, तर शेवाळपण तुमचंच. घासा आता बसून."

बाया हसल्या. शेट हसले नाहीत. "पाखाडी माझ्या खरेदीखतात आहे. सरकारी रस्ता आहे ना? तिकडून जा."

सरकारी रस्ता सगळ्या खाडीला वळसा घालून जातो. ज्याला घाई नाही, त्याच्यासाठी तो ठीक आहे.

भाद्रपदातल्या एका दुपारी वाडीतल्या गोदाला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण होती. सुईण यमुनाबाई वरच्या आळीत राहायची. खालून हाका ऐकू येताच ती धावत आली आणि कवाडावर थापा मारू लागली.

आतून गडी धोंडू म्हणाला, "चावी शेटकडं हाय, आनि शेट बंदरावर."

"अरे, पोर अडलीय तिकडं."

"माजी नोकरी जाईल, यमुनाकाकी."

यमुनाबाई रस्त्याने गेली. ती पोहोचली तेव्हा मूल निळं पडलं होतं. माझ्यावरून आली असती तर हाती लागलं असतं, असं ती पुढे जन्मभर म्हणत राहिली. मी दगड आहे, मित्रांनो, पण तो राग माझ्यात अजून धुमसतो आहे.

फाल्गुनात शिमगा आला. देवीची पालखी दरवर्षी घरोघर जाते, आणि वरून येते ती माझ्यावरूनच. शेटनी कवाड सताड उघडलं, त्याला आंब्याचं तोरण बांधलं. त्यांची आई मालनबाई ओटीचं ताट घेऊन अंगणात उभी राहिली. पालखीच्या पुढच्या दांड्याला गोदाचा सासरा रामा होता. तो कवाडाशी आला आणि थांबला.

"ये की आत," शेट म्हणाले.

"वाट खाजगी हाय, शेट. तुमीच सांगितलात."

"देवीला कोण अडवतोय?"

"देवी काय सोता चालते? तिला आमचे पाय लागतात."

ढोल थांबला. पालखी वळायला लागली. देवी दारावरून परत जाणार, हे शेटना कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "बरं, उद्यापासून दिवसा उघडं ठेवतो."

मागून मालनबाईंचा आवाज आला. "आत्माराम, उघडं ठेवू नकोस. काढ."

धोंडूने बिजागऱ्या खोलल्या. कवाड गवतात आडवं पडलं आणि पालखी आत आली. सगळी वाडी मागून आली. पाऊस सरल्यावर बायाही पुन्हा सोडणं घेऊन आल्या. गोदा मात्र आली नाही. ती म्हातारी होईपर्यंत त्या लांबच्या रस्त्यानेच गेली. माझ्यावर तिने परत पाऊल ठेवलं नाही.

खांब गेला, पण ते भोक माझ्या चिऱ्यात अजून आहे. मित्रांनो, उद्या तुमच्या जमिनीतून कुणाची जुनी वाट जात असेल, तर तिला कुलूप घालू नका. आणि घातलंच असेल, तर आजच काढा. शेटनी देवीसाठी काढलं. ते यमुनाबाईसाठी काढायला हवं होतं.