आधी रांधणारीने

लग्नानंतर आठव्याच दिवशी सासूबाईंनी माझं नाव पाडलं होतं, चौकशी खातं. त्यांचं चुकलं नव्हतं. शेजारणीच्या पिशवीत काय आहे हे कळल्याशिवाय मला जिना चढवत नाही. रिक्षात बसले की रिक्षावाल्याचं गाव, मुलं, मुलांची शाळा, सगळं उतरायच्या आत कळलेलं असतं. आता मी अठ्ठावन्न वर्षांची झाले, तरी खातं चालूच आहे.

त्याच खात्यामुळे मला नोकरी लागली. गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी वसईच्या बाजारात एक मुलगी शेवळांच्या पाच जुड्या घेत होती आणि काकडं घेत नव्हती. शेवळं म्हणजे डोंगरातून येणारी रानभाजी, वर्षातून जेमतेम पंधरा-वीस दिवस मिळते. चव अशी की मटण बाजूला ठेवावं. पण नीट रांधली नाही तर घशाला खाज सुटते आणि पाणी पितानाही डोळ्यांत पाणी येतं. काकडं ही तिच्याबरोबरच विकायला येणारी बारकी आंबट फळं. त्यांचा रस पडला की खाज मरते. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"काकडं राहिली गं," मी म्हटलं.

"ते काय असतं आंटी? मागच्या आठवड्यात मी ही भाजी क्रीममध्ये शिजवली. दोन दिवस बोलता येत नव्हतं मला."

मी हसले, तीही हसली. तिचं नाव शॅनन. कोर्टाच्या मागच्या गल्लीत आजोबांच्या घराच्या ओटीवर तिने पाच टेबलांचं हॉटेल काढलं होतं. मेन्यूकार्ड नाही, फक्त एक फळा. त्या आठवड्यात वाडीत, बाजारात जे आलं असेल ते त्यावर लिहायचं. "येऊन दाखवाल का?" तिने विचारलं. हॉटेलचं स्वयंपाकघर आतून कसं असतं हे मी कधी बघितलं नव्हतं. मग काय, गेले.

त्या दिवसापासून आठवड्यातून तीन दिवस जाते. ही पोरगी काय करेल याचा नेम नाही. कोनफळाचा हलवा मिरपूड घालून करते, सुकेळ्यांचं आइस्क्रीम करते, केळफुलाच्या कटलेटला ताडीत फुगवलेल्या पावात बसवते. पहिल्या महिन्यात मी रोज कपाळावर हात मारला. दुसऱ्या महिन्यात वाटी पुढे केली.

घरी मात्र सांगितलं, वसईला भजनाला जाते. आमची बाई दुसऱ्याच्या घरी रांधायला जाते म्हणजे नवऱ्याला ती जड झाली, असं आमच्या गावात, आचोळ्यात, लोक बोलतात. आमचे हे, रामू म्हात्रे, सातिवलीच्या गोदामात तीस वर्षं सुपरवायझर होते. कमी बोलायचं आणि जास्त बघायचं, हीच सवय घरीही. ते नाहीच म्हणणार, हे मी गृहीत धरलं आणि विचारलंच नाही.

खरं सांगायचं तर मला त्यांच्यावर एक जुना रागही होता, आणि तो शेवळांचाच होता. माझ्या सासरची एक रीत होती, लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी मला सांगितलेली. शेवळं केली की आधी रांधणारीने खायची. तेही चाखल्यासारखं नाही, चांगली वाटीभर. एका घासाने खाज कळत नाही म्हणे. मी वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, हे समोर पाटावर बसायचे, आणि दारावरच्या घड्याळाकडे बघत राहायचे. पाच मिनिटं झाली, मला काही झालं नाही, की मग म्हणायचे, "वाढ." माझ्या माहेरी अशी रीत नव्हती. माझ्या आईने रांधलं की वडील सरळ घास घ्यायचे. आणि इथे अडतीस वर्षं माझ्या हातावर भरवसा नाही. वर जेवण झाल्यावर चांगलं झालं, वाईट झालं, काही नाही. फक्त दोन शब्द, "खाज नाय."

जगाला प्रश्न विचारणारी मी, पण हा प्रश्न मी कधी विचारला नाही. उत्तर मला माहीत आहे असंच वाटायचं, आणि ते त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

यंदा मेच्या शेवटच्या रविवारी ह्यांचा पासष्टावा वाढदिवस आला. आमचा वेगळा राहणारा मुलगा प्रितेश म्हणाला, "दुपारी बाहेर जेवू. मनालीने एक जागा शोधलीये, इन्स्टावर सगळे तिथलेच फोटो टाकतात." मनाली म्हणजे सून. तिने मला फोटो दाखवला. शॅननची ओटी आणि तिचा फळा होता, आणि फळ्यावर माझीच शेवळं.

"मला भजन आहे," मी म्हटलं. "महाराज बाहेरून येणार आहेत. चुकवता येणार नाही." ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि चप्पल शोधायला गेले.

मी त्यांच्या आधी पोचले. वाढायच्या खिडकीला बांबूच्या काड्यांचा पडदा, चिक, आहे, तिच्या फटीतून सगळी ओटी दिसते. तीन नंबरच्या टेबलावर हे येऊन बसले. पकडले जाईन ही भीती होतीच. पण त्याहून मोठं कुतूहल होतं. पहिल्यांदाच माझ्या हातचं अन्न माझ्या नावाशिवाय ह्यांच्यापुढे जाणार होतं. परक्याचं समजून खातील तर काय म्हणतील? आज तरी 'चांगलं' हा शब्द त्यांच्या तोंडून निघेल का? की ओळखतील?

आधी गेलं ताडगोळ्यांचं थंडगार सार, कैरीचं पाणी घातलेलं. "ह्ये काय, जेवनाच्या आदी पन्हं?" असं शॅननच्या भावाला, स्टॅनीला, विचारून त्यांनी ते प्यायलं आणि पेल्यात बोट फिरवून तळाचा ताडगोळाही खाल्ला. मी मनात टिपलं. मग कटलेट गेलं. दोन घासांत संपलं. मनाली अजून फोटोच काढत होती.

मग शेवळं. काकडाच्या रसात मुरवून, जवळा घालून मंद शिजवायची आणि खाजणातल्या, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, लाल तांदळाच्या पिठाच्या पानगीत भरून केळीच्या पानात भाजायची. पानगी शॅननच्या डोक्यातून आलेली, आतलं सगळं माझं. स्टॅनीने पानगी ठेवली. ह्यांनी पान उघडलं, खाली वाकून वास घेतला, आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले. प्रितेशने घास उचलला तर त्याचाही हात धरला.

स्टॅनी आत आला. "तीन नंबरचे काका खातच नाहीत. म्हणतात, रांधणारी आधी खाल्ल्याशिवाय नाही."

शॅनन बाहेर गेली. मी चिकेला डोळा लावला.

"काका, मी चाखलंय. एकदम ओके आहे."

"तू रांधलंस?"

"मी शेफ आहे. म्हणजे, रांधलं आमच्या मावशींनी."

"मंग मावशीला बोलवा. आनि वाटी भरून आना. येका घासान् कलत नाय."

माझं डोकंच फिरलं. घरात अडतीस वर्षं माझी परीक्षा घेतली ती पुरली नाही, आता कोण कुठल्या परक्या बाईलाही चारचौघांत उभं करायचं? चूल पेटल्यापासून घामाने भिजलेली ती बाई, आणि हा माणूस तिच्या तोंडाकडे बघत घड्याळ लावणार. मी वाटी काठोकाठ भरली आणि तरातरा बाहेर गेले. आपण लपलो आहोत, डोक्यावर हॉटेलची टोपी आहे, कशाचं भान राहिलं नाही.

"आई?" प्रितेश म्हणाला. "भजन?"

मनालीचा फोन हातातच राहिला. ह्यांनी माझी टोपी बघितली, एप्रन बघितला, हातातली वाटी बघितली.

"बस," ते म्हणाले.

"घरी उभीच असते," मी म्हटलं आणि उभ्यानेच खायला लागले. सगळी ओटी बघत होती. भाजी छान झाली होती. रागात असूनही ते कळत होतं.

शॅननला वाटलं असणार, आपल्या हॉटेलची अब्रू चालली. तिने सावरायला विचारलं, "काका, ही तुमच्या समाजाची रीत आहे का? असेल तर मी फळ्यावर लिहीन. लोकांना असं आवडतं."

"रीत नाय," हे म्हणाले. "मीच काडली."

मी चावायची थांबले.

"अकरा मानसं घरात. आई वाडायची. शेवलं वर्सातून येकदा. आदी बापे मानसं, मंग पोरं, मंग आई. हिची पाली आली का टोप रिकामा. लग्नाच्या पयल्या वर्सी मी बगितलं, ही मोरीवर टोप घासायला बसली, आनि कडेला लागलेलं बोटान् पुसून खाल्लं." ते टेबलाकडे बघत बोलत होते. "आईला सांगून उपेग नव्हता. बायकोचा बैल बोलली असती. म्हनून मी आईला बोललो, माज्या घशाला खाज आली. यापुडं रांधनारीनं आदी खायचं, वाटीभर, नाय तर मी शिवनार नाय. खाज बोलल्यावर आईला पटलं."

मला ते बोट आठवलं. मोरीजवळ कोणी नाही असं बघूनच मी ते चाटलं होतं.

"आणि इथे?" शॅननने हळूच विचारलं.

"इथं बी कोन तरी बाईच रांधते ना? टोपात तिला काय ठेवता, मला काय म्हाईत."

मी खुर्ची ओढून बसले. इतक्या वर्षांचा राग आता ठेवायचा कुठे हे कळेना, म्हणून मी भांडायलाच लागले. "सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. घरात आपण दोघंच. टोपात दुसऱ्या दिवसाला उरतं. मग अजून कशाला उभं करता मला? आणि टक लावून ते घड्याळ कशाला बघता?"

"घड्याल?" ह्यांना खरंच काही कळलं नाही. "कुटलं घड्याल?"

"दारावरचं."

"त्याच्या खाली तू उबी असतेस," ते म्हणाले. मग मनाली ऐकतेय हे लक्षात येऊन त्यांनी मान खाली घातली आणि पानगीचा तुकडा मोडला. "तुला आवडलं का, ते तोंडावर कलतं. आनि ते घड्याल दिवालीपासून बंद हाय."

मला रडू आलं. सगळ्या टेबलांसमोर, टोपी घालून, मी रडले. ह्यांनी पानगी शेवटपर्यंत खाल्ली आणि पान घडी करून ठेवलं.

"कसं झालंय?" मी विचारलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच.

त्यांनी विचार केला. "खाज नाय," ते म्हणाले, आणि स्टॅनीला अजून एक आणायला सांगितलं.

संध्याकाळी घरी आल्यावर मी आधी घड्याळ बघितलं. सव्वाचारला थांबलेलं. शेजारणीच्या पिशवीतली कोथिंबीर केवढ्याची हे सांगणारी मी, सहा-सात महिने त्याच्याच खालून ये-जा करत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. प्रितेश म्हणाला, नवा सेल आणून देतो. मी म्हटलं, राहू दे.

मंगळवारी मी पिशवी घेऊन निघाले. हे ओट्यावर पेपर वाचत बसले होते.

"भजनाला?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी पेपर खाली केला नाही. "आदी खा," ते म्हणाले, "मंग वाड."