काचेच्या काठावरचं मीठ

मित्रांनो, माझ्यापाशी आता कुणी थांबत नाही. मी एक जुनी काचेची पेटी आहे, एका कोपऱ्याला चीर गेलेली. ताश्कंदच्या एका कारागिरानं खिडक्यांच्या उरलेल्या काचांतून मला जोडलं. सुरुवातीला माझ्यात सोनेरी मासे होते. पाहुणे वाकून बघायचे, वाहवा करायचे. मासे गेले, तसं मला बाल्कनीत ठेवून माझ्यात कांदे भरले. कांद्यांवर राग नाही माझा. पण काचेला आरपार बघायची सवय असते, आणि कांदे उजेड अडवतात.

मला आत आणलं ते या घरच्या सुनेनं, ओयदिननं. शाळेत शिकवून दमून यायची आणि मला घासत बसायची. कोपऱ्यातली चीरही तिनंच बुजवली. गाळलेल्या पाण्यात समुद्री मीठ कालवून तिनं दोन इवलेसे मासे सोडले. गोबी म्हणतात त्यांना, भाजीतली नव्हे. करंगळीच्या पेराएवढे. समुद्र कित्येक देशांपलीकडे, आणि हे दोघं एका शिंपल्याखाली संसार मांडून बसले.

सासूबाई हमरोबीबी म्हणाल्या, "यांचा तर रस्सासुद्धा व्हायचा नाही."

"आई, ते बघायचे आहेत."

"दिसले तर बघेन हो."

उन्हाळ्यात ओयदिनचे दिवस भरत आले. डॉक्टरांनी तिला तीन आठवडे दवाखान्यातच ठेवून घेतलं. जाताना तिनं नवऱ्याला, एर्गशला, माझ्यावरची खूण दाखवली. "अहो, पाणी आटलं की इथपर्यंत भरा. विसरू नका." कुठलं पाणी, ते सांगायचं राहून गेलं.

एर्गश विसरला नाही, हेच दुःख. रोज सकाळी तो ओयदिननं निळ्या बादलीत कालवून ठेवलेलं खारं पाणी ओतायचा. संपलं की मिठाच्या पाकिटावर वाचून नवं कालवायचा. समुद्राच्या माशांना समुद्राचंच पाणी हवं, असा त्याचा सरळ हिशेब. पण मित्रांनो, उन्हानं उडतं ते नुसतं पाणी. मीठ जागेवरच राहतं. मी दिवसेंदिवस जड होत गेले. मादी फिकी पडली, धापा टाकू लागली. काचेला ओरडता येत नाही. फोनवर ओयदिन विचारायची, तेव्हा तो म्हणायचा, "मजेत आहेत. पाणी खुणेवर आहे."

एका दुपारी हमरोबीबी मला पुसायला आल्या. काठावर पांढरा थर दिसला. त्यांनी बोट लावून जिभेला टेकवलं.

"एर्गश, इकडे ये. बायकोचे मासे लोणच्यात घातलेस का रे?"

"समुद्र खाराच असतो, आई."

"माझी बरणी उन्हात राहिली की असाच थर धरते. पाणी उडालं, मीठ उरलं, आणि तू वरून आणखी मीठ घालतोस."

तो घाबरला. गोड्या पाण्याची अख्खी बाटली उपडी करायला निघाला. त्यांनी मनगट धरलं.

"हळू. मानाच्या पाहुण्याला आपण चहाचा प्याला काठोकाठ भरून देतो का? भरून दिला म्हणजे, ऊठ आणि चालू लाग. थोडं थोडं दिलं की तो राहतो."

मग त्या स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. अर्धा प्याला खारं काढायचं, अर्धा प्याला गोडं घालायचं, आणि थांबायचं. दोन दिवस हेच. दुसऱ्या सकाळी मादी गेली. नर शिंपल्याखाली नुसता पडून होता. तिसऱ्या दिवशी तो बाहेर आला आणि खाऊचा एक कण त्यानं टिपला. हमरोबीबींनी पाठ टेकली ती तेव्हा.

ओयदिन बाळाला घेऊन आली आणि माझ्यासमोर थांबली. एकच मासा.

"पाणी मी घातलं होतं," एर्गश म्हणाला.

तिनं माझ्यावरच्या खुणेला बोट लावलं. "सांगायचं माझ्याकडूनच राहिलं."

हमरोबीबींनी तिच्या हातातलं बाळ घेतलं. "तू नीज आता. उठलीस की नीट सांग. बाळाला कधी, काय, किती. माशालाही."

मित्रांनो, मी थकले आहे. चीर पुन्हा पाझरायला लागली आहे. एवढंच मागते, की ज्याला जीव लावाल, त्याला काय हवंय ते आधी विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर त्याच्यापाशी बसून बघा. एर्गशचं प्रेम कमी नव्हतं, एक दिवस चुकला नाही तो. पण प्रेमानं घातलं, तरी मीठ ते मीठच.